मागच्या खोलीतलं ऋण

आयटीआयत रेफ्रिजरेशनचा ट्रेड पास होऊन मी मुंबईला आलो तेव्हा आपल्याला काम येतं, याची मला खात्री होती. वर्कशॉपमध्ये फ्रिज, वॉटर कूलर, डीप फ्रीझर खोलून परत जोडले होते. तांब्याच्या नळीला ब्रेझिंग करायला हात बसला होता. कोल्ड्रिंकच्या मशीनची सर्व्हिस करणाऱ्या एका ठेकेदाराकडे नोकरी मिळाली, ती मी तात्पुरती म्हणून धरली. एसीचं चांगलं काम मिळेपर्यंत काढू दिवस, असा विचार होता. ग्लास नळाखाली धरायचा, दांडी दाबायची, पेय येतं. यात शिकायचं ते काय? पुढे ज्या कामावर माझं घर उभं राहिलं, धाकट्या बहिणीचं लग्न झालं, ज्यानं मला विचार कसा करायचा ते शिकवलं, त्या कामाकडे मी तेव्हा इतक्या वरवरच्या नजरेनं बघत होतो.

ठेकेदारानं मला तात्यांच्या हाताखाली दिलं. तात्या लालबागचे. मिसरूड फुटायच्या आधीपासून गोटी सोड्याच्या कारखान्यात काम केलेले. मशीनचं चाक फिरवायचं, बाटल्या उलट्यासुलट्या करायच्या, फुटलेल्या काचा वेचायच्या, अशी त्यांची सुरुवात. नव्वदीच्या दशकात परदेशी कंपन्यांची पेयं आणि बर्गरची दुकानं मुंबईत आली, काउंटरवर नळाची मशीनं बसू लागली, तेव्हा सोड्याच्या धंद्यातला माणूस म्हणून तात्या आपोआप तिकडे ओढले गेले. शिक्षण चौथीपर्यंत. इंग्रजी मॅन्युअल त्यांना वाचता येत नसे, पण त्यातल्या आकृत्या ते बोट फिरवत फिरवत वाचायचे आणि कुठली लाइन कुठे जाते ते माझ्या आधी सांगायचे.

सुरुवातीचा एक कॉल मला अजून तपशिलासह आठवतो. पावसाळ्याचे दिवस होते. उपनगरातल्या एका हॉटेलातून तक्रार आली की कोला फार गोड लागतो. माझ्या हिशेबानं हे सोपं होतं. व्हॉल्व्हवर दोन स्क्रू असतात, एक सोड्याचा, एक सिरपचा. सिरपचा थोडा आवळायचा की झालं. मी स्क्रूड्रायव्हर काढलासुद्धा. तात्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला, रागानं नाही, सहज. मग त्यांनी काउंटरवरच्या मुलाला विचारलं, “एकाच नळाला गोड लागतं का सगळ्याच? पहिल्या ग्लासपासून, की चार-पाच ग्लास गेल्यावर?” मुलगा विचारात पडला. असं त्याला कुणी विचारलं नव्हतं. मग म्हणाला, “सगळ्याच. पहिले एक-दोन ग्लास बरे येतात, मग नळ फुसफुसतो.”

तात्यांनी नळाला हातच लावला नाही. ते सरळ मागच्या खोलीत गेले. ही खोली प्रत्येक हॉटेलात असते आणि गिऱ्हाइकाला कधी दिसत नाही. तिथे भिंतीला कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर, फळीवर सिरपचे खोके, त्यांचे छोटे पंप, खाली कार्बोनेटर. पाणी आणि गॅस दाबाखाली एकत्र येऊन सोडा होतो तो या कार्बोनेटरच्या स्टीलच्या टाकीत. तात्या तिथे उकिडवे बसले आणि नुसतं ऐकत राहिले. कार्बोनेटरची मोटर चालली होती. ती थांबायला हवी होती. टाकीतलं पाणी खाली गेलं की मोटर काही क्षण चालते, टाकी भरते, मोटर बंद पडते. चांगल्या मशीनचा हा श्वास आहे. इथे ती थांबतच नव्हती आणि पंपाचा आवाज खरखरीत येत होता, खडे चघळल्यासारखा. तात्यांनी पाण्याचा फिल्टर उघडला. पावसाळ्याच्या गढूळ पाण्यानं कार्ट्रिज तपकिरी चिखलानं माखलेली होती. पंपाला ओढायला पाणीच मिळत नव्हतं. टाकीत साठलेला सोडा पहिल्या दोन ग्लासांना पुरायचा, मग नळातून नुसता गॅस फुसफुसायचा आणि सिरप मात्र नेहमीसारखंच येत राहायचं.

कोल्याचं साधारण प्रमाण पाच भाग सोडा आणि एक भाग सिरप. गोड लागतं याचा अर्थ सिरप वाढलंय असा मी धरला होता. कमी पडलं होतं पाणी. मी स्क्रू आवळला असता तर त्या दिवशी चव कदाचित जमली असती आणि पंप थोड्या दिवसांत जळून गेला असता. कारण त्या पितळी पंपाला वंगण पाण्याचंच असतं. कोरडा चालला की आतल्या पात्या घासून संपतात. कार्ट्रिज बदलली, मोटर थांबली. तात्यांनी काउंटरवर येऊन आधी साधा सोडा ग्लासात घेतला, प्यायले, मग मला दिला. सिरपचा विचार त्यानंतर.

या धंद्यात माझ्या हाती लागलेली पहिली खरी गोष्ट ही. दोष दिसतो नळाशी, पण तो बहुतेक वेळा तिथे जन्मलेला नसतो. मागून पुढे यायचं. आधी गॅस, मग पाणी, मग कार्बोनेटर, मग थंडावा, मग सिरप आणि सगळ्यात शेवटी नळ. सगळ्याच पेयांची चव गेली असेल तर जे सगळ्यांना समान आहे ते तपासायचं. एकाच पेयाची गेली असेल तर त्या पेयाची लाइन आणि तो व्हॉल्व्ह. ऐकताना हे किती सोपं वाटतं. पण तक्रार करणारा माणूस नळाकडे बोट दाखवतो, मॅनेजर डोक्यावर उभा असतो, गिऱ्हाइकं रांगेत असतात, आणि अशा वेळी त्यांच्याकडे पाठ करून मागच्या खोलीत जायला धीर लागतो. तो धीर माझ्यात नव्हता. तात्यांच्या मागोमाग चालून चालून तो आला.

गॅसच्या बाबतीत तर मी अगदीच कोरा होतो. सिलिंडरच्या गेजचा काटा वर आहे, म्हणजे सिलिंडर भरलेला, असं मला वाटायचं. त्या सिलिंडरमध्ये कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात असतो आणि वरच्या भागात त्याची वाफ. २० अंशाला त्या वाफेचा दाब सुमारे ८३० पीएसआय असतो. थोडासा जरी द्रव आत शिल्लक असला तरी तेवढाच. म्हणजे भरलेल्या सिलिंडरचा काटा आणि संपत आलेल्या सिलिंडरचा काटा एकाच जागी. द्रव संपला की मग काटा झरझर खाली येतो, आणि तोवर दुकानात गर्दी उसळलेली असते. तात्या सिलिंडर वजनकाट्यावर ठेवायचे. सिलिंडरच्या गळ्यावर रिकामं वजन ठोकलेलं असतं. ते वजा केलं की आत किती गॅस आहे ते कळतं. मीही आजवर तेच करत आलो आहे. कार्बोनेटरच्या रेग्युलेटरवर १०० पीएसआयच्या आसपास दाब ठेवायचा, सिरपच्या पंपांना त्याहून कमी. सिलिंडर बदलताना जोडणीतला वायसर दर वेळी नवा घालायचा. जुना वायसर बरा दिसत असला तरी नवा. या बाबतीत मी कधी त्यांच्याशी वाद घातला नाही, आणि पुढे एका प्रसंगी त्याचं मोल मला कळलं. ते नंतर सांगतो.

दाब आणि थंडी यांचं नातं तात्यांनी मला गोटीच्या बाटलीवरून समजावलं. ही बाटली हायरम कॉड नावाच्या इंग्रजाची, त्याचं पेटंट १८७२ चं. गोटीला वर दाबून धरायला स्प्रिंग नसते, काही नसतं. आतला गॅसच तिला रबराच्या कड्यावर दाबून धरतो. तात्या सांगायचे, कारखान्यात मे महिन्यात बाटल्या जास्त फुटायच्या, कारण पाणी गरम असलं की गॅस त्यात बसत नाही, बाहेर यायला धडपडतो. पुढे मी वाचत गेलो तेव्हा त्यांच्या अनुभवाला आकडे मिळाले. वातावरणाच्या दाबाला शून्य अंशाचं एक लिटर पाणी सुमारे १.७ लिटर कार्बन डायऑक्साइड सामावून घेतं. २५ अंशाला पाऊण लिटरच्या आसपास. दाब दुप्पट केला की गॅसही साधारण दुप्पट विरघळतो. विल्यम हेन्रीनं हे १८०३ मध्ये मांडलं. आणि सोड्याची सुरुवातच मुळी मद्याच्या कारखान्यातली. जोसेफ प्रीस्टलीनं १७६७ मध्ये लीड्समधल्या एका कारखान्यात आंबणाऱ्या पिंपावर पाण्याचं भांडं धरलं होतं. मी हे तात्यांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. आपण आयुष्यभर केलेल्या कामाला इतका मोठा पूर्वज आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मला तेवढंच त्यांना देता आलं.

थंडावा हा तर माझा विषय. तरी त्यातही मला डोळे दिले ते एका मल्टिप्लेक्सच्या काउंटरवरच्या मुलीनं. तिथली तक्रार विचित्र होती. संध्याकाळच्या शोला पेयं सपक येतात, फेस फार होतो, दुपारी काही नाही. आम्ही जायचो तेव्हा मशीन अगदी ठीक. गॅस बरोबर, पाणी बरोबर, सोडा तिखट. ती मुलगी म्हणाली, “दादा, इंटरव्हल सुरू झाल्यावर पहिली दहा मिनिटं छान येतं. नंतरच बिघडतं. तुम्ही शोच्या मध्ये येता, तेव्हा तुम्हाला दिसणार नाही.”

तात्यांनी त्या दिवशी इंटरव्हलपर्यंत थांबायचं ठरवलं. आपल्याकडचं इंटरव्हल म्हणजे या मशीनची खरी परीक्षा. तास-सव्वा तास मशीन निवांत, आणि मग एकदम शेकडो माणसं. अशा गर्दीसाठी मशीनच्या टाकीत बर्फाची जाड भिंत साठवून ठेवलेली असते. कॉम्प्रेसर हळूहळू ती बनवत राहतो आणि गर्दीच्या वेळी तीच पाण्याला थंड करते. तात्यांनी मला झाकण उघडायला लावलं. शोच्या मध्यावर जो बर्फ चांगला जाड असायला हवा, तो कॉइलवर पापुद्र्यासारखा होता. मी खाली कंडेन्सर बघितला. पॉपकॉर्नच्या मशीनशेजारीच तो होता. तेलाची वाफ आणि धूळ मिळून त्याच्या पात्यांमध्ये पिवळट चिकट थर बसला होता. पंख्याची हवा आरपार जातच नव्हती. कॉम्प्रेसर रात्रंदिवस चालूनही बर्फ जमत नव्हता. दुपारी गर्दी नसल्यानं भागायचं. संध्याकाळी दहा मिनिटांत बर्फ संपायचा, पाणी कोमट, आणि मग गॅस पाण्यात टिकायचाच नाही, ग्लासात फेस होऊन निघून जायचा.

ब्रश आणि साबणाच्या पाण्यानं कंडेन्सर धुवायला मला बराच वेळ लागला. रेफ्रिजरेशन मी शिकून आलो होतो, पण कॉम्प्रेसरवर गेज लावण्याआधी मला त्या मुलीचं बोलणं नीट ऐकून घ्यायला हवं, हे मला कुठल्या पुस्तकानं सांगितलं नव्हतं. बिघाडाजवळ दिवसभर उभा असतो तो काउंटरवरचा माणूस, मिस्त्री नव्हे. नंतर मी कुठेही गेलो तरी काउंटरवर सगळ्यात कमी पगाराचा जो कुणी असेल त्याच्याशी आधी बोलायची सवय लावून घेतली. तिचं नाव मी तेव्हा विचारलं नाही. पुढे ते थिएटर बंद झालं आणि ती कुठे गेली, कळलं नाही. तिचं ऋण आहे.

दुसरं ऋण एका मावशींचं. त्या रात्रपाळीला सफाई करायच्या. दुकान बंद झाल्यावर नळांच्या नोझल काढून धुवायचं काम त्यांचं. नोझल हा प्लास्टिकचा साधा टोपा. चतकोर फिरवला की हातात येतो, त्याच्या आत चाळणीसारखा डिफ्यूझर असतो, सिरप आणि सोडा तिथे एकत्र होतात. एका रात्री मला उशीर झाला म्हणून मी त्यांचं काम बघत बसलो. त्यांनी एकेक नोझल काढली, डिफ्यूझर सोडवला आणि उजेडात धरून बघितला. मग बारीक ब्रश प्रत्येक भोकातून फिरवला. मग कोमट साबणाच्या पाण्यात, मग निर्जंतुक करायच्या पाण्यात. नळाच्या तोंडाशी, जिथे नोझल बसते तिथे वरच्या बाजूला, त्यांनी बोट घालून फिरवलं आणि मला दाखवलं. बोटावर गुळगुळीत काळसर बुळबुळीत थर. “हे वरचं कुणी काढत नाही,” त्या म्हणाल्या, “दिसत नाही ना. पण माझा नातू असल्या नळाचं पितो.”

मला तोवर नोझल धुणं हे सफाईचं काम वाटायचं, मिस्त्रीचं नव्हे. त्या रात्रीनंतर तसं वाटलं नाही. पुढे २०१० मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनियामधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ३० मशीनमधून घेतलेल्या ९० पेयांपैकी ४८ टक्क्यांत कोलिफॉर्म जिवाणू सापडले होते. मला मावशींनी बोटावर दाखवलेला थर आठवला. आज मी कुठल्याही मशीनच्या सर्व्हिसला गेलो की नोझल स्वतः काढतो आणि वरची जागा बोटानं तपासतो. आणि खरंच, “चव वेगळी येते”, “फेस जास्त येतो”, “थेंब थेंब गळतं” या तक्रारींपैकी कितीतरी त्या एका टोप्यात सुटतात.

गावाकडे वडिलांना माझं काम पटलेलं नव्हतं. शेती सोडून पोरगा मुंबईत सरबताची मशीनं दुरुस्त करतो, हे ते कुणाला सांगायचे नाहीत. एका उन्हाळ्यात मी गावी गेलो तेव्हा विहिरीवरची मोटर पाणी ओढत नव्हती. दर उन्हाळ्यात ती तालुक्याला नेऊन रिवाइंडिंग करून आणायची, हे ठरलेलं. वडील मोटर सोडवायला निघाले होते. मी म्हटलं, थांबा, जरा चालू करा. आवाज ऐकला. तोच खरखरीत आवाज, खडे चघळल्यासारखा. मोटर चांगली होती. तिला पाणी मिळत नव्हतं. आम्ही सक्शन पाइप वर ओढला. फूटव्हॉल्व्हच्या जाळीत शेवाळ आणि पानं घट्ट अडकली होती. मोटर जळत होती ती दर वर्षी याच कारणानं. वडील काही बोलले नाहीत. संध्याकाळी पारावर कुणालातरी सांगताना मी ऐकलं, “पोरगं मोटरला हात न लावता सांगतं काय बिघडलंय ते.” त्या वाक्याचा धनी मी नाही, तात्या आहेत.

कार्बोनेटरच्या प्रोबचं काम मला फार आवडायचं, आणि अजून आवडतं. टाकीत प्रोबच्या दोन सळ्या असतात, एक लांब, एक आखूड. पाणी लांब सळीच्याही खाली गेलं की मोटर सुरू, आखूड सळीला लागलं की बंद. मोटर सुरूच होत नसेल तर नवा माणूस आधी मोटर बदलायला निघतो. तात्या प्रोबच्या वायरी टोकाशी काढून मोकळ्या धरायचे. आता मोटर चालू-बंद करणाऱ्या बोर्डाला वाटतं की टाकी रिकामी आहे. मोटर सुरू झाली, तर बोर्ड आणि मोटर दोन्ही ठीक. दोष प्रोबवर साचलेल्या क्षारात किंवा ओल्या जोडणीत. नाही झाली, तर मागे जायचं, बोर्ड, ओव्हरलोड, वीज. दोन वायरी काढायला लागतो एक क्षण, आणि हजारोंचा खर्च वाचतो. पावसाळ्यात मात्र आधी बोर्डाचं झाकण उघडून बघायचं. तिथे ऊब असते, गोड वास असतो, म्हणून झुरळं जमतात आणि रिलेच्या पट्टीत अडकतात. मोटर टकटक करत चालू-बंद, चालू-बंद होत असेल तर मी अजूनही आधी झुरळ शोधतो.

एका गोष्टीत तात्या कठोर होते. तांबं हा माझा धातू. फ्रिजच्या कामात सगळी नळी तांब्याची, आणि मला ती सुंदर वाकवता यायची. एका उपाहारगृहात फरशीचं काम काढलं होतं तेव्हा पाण्याची लाइन नव्यानं टाकायची होती. मी तांब्याची सुचवली. तात्या म्हणाले, “या मशीनच्या आसपास तांबं नाही. कधीच नाही.” मग त्यांनी मला कार्बोनेटरच्या पाणी घेणाऱ्या तोंडाशी बसवलेला दुहेरी चेक व्हॉल्व्ह उघडून दाखवला. आत वाळूचा एक बारीक कण जरी अडकला तरी झडप पूर्ण मिटत नाही. टाकीतला दाब पाण्याच्या लाइनपेक्षा जास्त, म्हणून सोडा उलटा मागे शिरतो. सोडा आम्लधर्मी, तो तांबं विरघळवतो. असं पाणी पोटात गेलं की काही वेळातच मळमळ, उलट्या सुरू होतात. त्या व्हॉल्व्हला ठरावीक मुदतीनं उघडून तपासायचं, आणि त्याच्या मागे-पुढे प्लास्टिक किंवा स्टील. मी जे सगळ्यात चांगलं करत होतो तेच इथे माणसाला अपाय करू शकतं, हे पचायला मला वेळ लागला. पण त्यानंतर कुठल्याही जुन्या दुकानात गेलो की मी आधी लाइनवर हिरवट-निळे डाग आहेत का ते बघतो.

वायसरचा प्रसंग असा. एका इमारतीच्या तळघरात सिलिंडर ठेवलेले होते. खिडकी नाही, दार जाड. तात्या दार उघडायचे, पण आत शिरायचे नाहीत. बाहेर उभं राहून बोलत बसायचे. मला वाटायचं, वय झालंय, दम घेतात. एक दिवस तात्यांबरोबर एक नवा मदतनीस होता. तो घाईत आत गेला, वाकला, आणि थोड्याच वेळात डोकं धरून बाहेर आला. तात्यांनी त्याला धरून मोकळ्या हवेत नेलं, दार उघडं टाकलं, पंखा लावला. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा दीडपट जड. तो जमिनीशी साचतो, त्याला वास नाही. साध्या हवेत तो ०.०४ टक्के असतो. ४ टक्क्यांवर गेला की जिवाला धोका. नंतर साबणाचं पाणी लावून बघितलं तर जोडणीशी बुडबुडे येत होते. कुणीतरी सिलिंडर बदलताना जुनाच वायसर ठेवला होता. मदतनीस तासाभरात बरा झाला. मी मात्र त्या रात्री झोपलो नाही. तात्या दम घेत नव्हते, खोलीला हवा देत होते, आणि इतके दिवस त्यांनी मलाही बाहेर उभं केलं होतं.

तात्या निवृत्त होऊन रत्नागिरी जिल्ह्यातल्या गावी गेले तेव्हा त्यांनी मला त्यांचा ब्रिक्सचा कप दिला. दोन कप्प्यांचा प्लास्टिकचा साधा कप. एका कप्प्यात सोडा, दुसऱ्यात सिरप, दोन्हींची पातळी एका रेषेत आली की प्रमाण बरोबर. वापरून वापरून पिवळा पडलेला. तोवर मी स्वतःचं काम सुरू केलं होतं. कप देताना त्यांनी एवढंच सांगितलं की आधी सोड्याची धार ठरवायची, मग सिरप तिला जुळवायचं, आणि मशीन पूर्ण थंड झाल्याशिवाय कप काढायचाच नाही.

२०२० च्या मार्चमध्ये कोरोनामुळे सगळं बंद झालं तेव्हा माझं कामही संपलं. महाराष्ट्रातली थिएटरं मध्ये काही महिने अर्ध्या खुर्च्यांवर उघडली आणि परत बंद झाली. पुन्हा सुरू झाली ती २०२१ च्या ऑक्टोबरात. इतके महिने सिरपच्या लाइन भरलेल्या राहिल्या होत्या. सिरप आंबलं होतं, कुठे लाइनमध्ये काळे धागे तरंगत होते, पंपांच्या पात्या बसून गेल्या होत्या, कार्बोनेटरच्या टाकीतल्या पाण्याला दर्प येत होता. एवढ्या मशीनला एकदम हात लावायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. मी तात्यांना फोन केला. त्यांनी काउंटरवरचा कुणी आहे का तिथे, असं आधी विचारलं. मग सांगितलं, “गॅस सोडायच्या आधी पाणी बघ. पाणी वास मारत असेल तर फिल्टरपासून सगळं ओत. सिरपच्या लाइन वाचवत बसू नकोस, ज्या काळ्या पडल्यात त्या काढून टाक. नळ सगळ्यात शेवटी.” मी त्याच क्रमानं गेलो. ज्या दुकानदारांना लाइन बदलायचा खर्च नको होता, त्यांची मशीनं मी सुरू करून दिली नाहीत. काम गेलं तरी चालेल, असं म्हणायची माझी तेव्हा ऐपत नव्हती. तरी म्हणालो, कारण मावशींचं ते बोट डोळ्यांसमोर होतं.

आता नव्या मशीनवर पडदा असतो आणि बिघाड त्यावर लिहून येतो. मला त्याचा आनंद आहे. पण पडदा सांगतो “सोडा नाही”, आणि का नाही ते बघायला माणसाला मागेच जावं लागतं. माझ्याकडे शिकायला येणारी मुलं रेफ्रिजरेशनचीच असतात, मी होतो तशीच. त्यांना मी काही नवं शिकवतो असं नाही. जे मला मिळालं ते पुढे देतो, आणि तेही पूर्ण देता येत नाही. तात्यांसारखं शांत बसून ऐकणं मला अजून जमलेलं नाही.

मी ज्या आयटीआयत शिकलो तिथल्या वर्कशॉपला एक जुनं मशीन द्यायचं मी ठरवलं आहे. सिलिंडर बांधायला भिंतीत साखळी ठोकून घेतली आहे, खिडक्या दोन आहेत, पाण्याची लाइन प्लास्टिकची टाकली आहे. पहिल्या दिवशी तात्यांनी यावं असं मी म्हटलं. त्यांची नजर आता मंद झाली आहे, प्रवास झेपत नाही, तरी ते हो म्हणाले. फक्त एक अट घातली. मशीन आधी बिघडवून ठेव, आणि काय बिघडवलंयस ते मला सांगू नकोस.